दुकान सगळ्यांनाच हवं होतं

त्या भागात त्याला सगळे गाडीवाला म्हणत. तोंडावर ‘दादा’ आणि पाठीमागे ‘आपला गाडीवाला’. त्यातला ‘आपला’ एकदा त्याच्या कानावर आला होता, तेव्हा त्यानं घरी जाऊन बायकोला तो दोनदा सांगितला. बायको म्हणाली, “ऐकलं हो पहिल्यांदाच.”

पूर्वी तो शहराच्या मध्यवस्तीतल्या मोठ्या किराणा दुकानाचा ट्रक चालवायचा. खाली भाजी, वर धान्य, त्याच्यावर भांडीकुंडी असं तीन मजली दुकान होतं. एका सोमवारी मालकांनी शटर ओढलं ते ओढलंच. आजूबाजूला सगळ्या बँका, कोर्ट, विम्याच्या कचेऱ्या. साडेपाचला ऑफिसं सुटली की रस्ता इतका ओस पडायचा की कबुतरं बिनधास्त मधोमध चालायची. पण त्या ऑफिसांच्या डोक्यावर, वरच्या मजल्यांवर, जुनी भाडेकरू माणसं राहत होती. बहुतेक म्हातारी, बहुतेक एकटी. दुकान गेल्यावर त्यांना पालकाच्या एका जुडीसाठी दोन बस बदलाव्या लागू लागल्या.

ट्रक गेला, नोकरी गेली, तेव्हा यानं पावाची एक जुनी गाडी विकत घेतली. आत स्वतःच्या हातानं लाकडी कप्पे ठोकले. एका बाजूला भाजी आणि फळं, दुसऱ्या बाजूला तांदूळ, साबण, चहा, काड्यापेट्या. भोंगा असा होता की सर्दी झालेल्या बकरीनं हाक मारावी. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी नऊला तो भोंगा कोर्टाच्या मागच्या गल्लीत वाजला की वरच्या खिडक्या पटापट उघडायच्या.

अकरा वर्षं हे चाललं. कुणाला काय लागतं ते त्याला तोंडपाठ होतं. शिंपीणकाकूंना टोमॅटो कच्चेच हवे असायचे, कारण पिकेपर्यंत ते खिडकीत ठेवून बघत बसायला त्यांना आवडायचं. कोर्टातून निवृत्त झालेले एक कारकून प्रत्येक सफरचंद असं उलटसुलट करून बघत, जणू आरोपीची ओळखपरेड चालू आहे. आणि चौथ्या मजल्यावरच्या भूगोलाच्या बाई खाली उतरू शकत नसत. त्यांची पिशवी तो स्वतः वर न्यायचा.

बाई ऐंशीच्या पुढच्या. एकट्या. चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेला, त्यामुळे गाजर हातात घेतलं तरी पहिला प्रश्न, “हे कुठून आलं?”

“बाजारातून, बाई.”

“बाजारात काय ते उगवतं का? जमीन कुठली, पाणी कुठलं? नापास केलं असतं मी तुला.”

मग तो पुढच्या वेळी घाऊक बाजारात चौकशी करून यायचा. बाई ऐकून घ्यायच्या, भिंतीवरच्या नकाशात जागा शोधायच्या, आणि मगच गाजर टोपलीत जायचं. तेवढ्यात तो गॅसची कळ बंद आहे ना बघायचा, गोळ्यांच्या डबीवर नजर टाकायचा, बल्ब गेला असेल तर स्टुलावर चढून बदलायचा. हे काम त्याला कुणी दिलेलं नव्हतं. पिशवीबरोबर ते आपोआप व्हायचं.

दुकानाची मागणी सुरू झाली ती कारकुनांपासून. मध्यवस्तीत दुकान उघडणाऱ्या लहान दुकानदारांना नगरपालिकेनं जागा स्वस्तात द्यावी, असा अर्ज त्यांनी कोर्टाच्या भाषेत लिहिला. सह्या गोळा करायच्या कुठे? सगळी माणसं भेटतात ती गाडीपाशी. गाडीवाल्यानं तो कागद गाडीच्या दाराला सुतळीनं टांगला, शेजारी पेन बांधलं.

बायकोनं कपाळाला हात लावला. “अहो, तुम्हाला कळतंय का काय करताय? स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा!”

“अगं, मी जातो दोन दिवस. उरलेले पाच दिवस त्यांनी काय करायचं? दूध नासलं तर शुक्रवारपर्यंत भोंग्याची वाट बघायची?”

“आणि दुकान आलं म्हणजे?”

“येतंय लगेच! असल्या अर्जांवर साहेब लोक चहाचे कप ठेवतात.”

चारशेच्या वर सह्या झाल्या. शेवटच्या पानाच्या तळाशी थोडी जागा उरली होती. तिथे त्यानं स्वतःची सही केली.

त्या अर्जावर मात्र कुणी चहाचा कप ठेवला नाही. दोन वर्षांनी नगरपालिकेनं खरंच योजना काढली, आणि सात महिन्यांत तीन दुकानं उघडली. पहिलं बंद पडलेल्या चपलांच्या दुकानात, दुसरं बँकेच्या जुन्या हॉलमध्ये. जिथे खिडक्यांमागे रोखपाल बसत तिथे आता काकड्या आणि फ्लॉवर बसले होते. तिसरं कोर्टाच्या कोपऱ्यावर. वर्तमानपत्रानं फोटोसकट छापलं, मध्यवस्तीला पुन्हा जाग आली. संध्याकाळी रस्त्यावर खरंच माणसं दिसू लागली.

चपलांच्या दुकानातलं दुकान एका तरुण बाईनं काढलं होतं. आधी विम्याच्या कचेरीत होती, नोकरीला कंटाळून या धंद्यात पडली. स्वभावानं गोड. पहिल्याच आठवड्यात तिनं गाडीवाल्याला हाताला धरून आत नेलं.

“काका, तो सह्यांचा कागद तुमच्या गाडीवर होता ना? मला सगळ्यांनी सांगितलं. तुमच्यामुळे आहे हे सगळं.”

त्यानं सगळीकडे पाहिलं. भाजीवर बारीक पाण्याचा फवारा होता, रांगा सरळ होत्या, उजेड पांढरा स्वच्छ. नाव ठेवायला जागा नव्हती. नाव ठेवता आलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं.

गिऱ्हाईक एकदम तुटलं नाही. ते लाजत लाजत गेलं. आधी शुक्रवारची गर्दी पातळ झाली, मग मंगळवारची. कारकुनांच्या हातात एका सकाळी दुकानाची कागदी पिशवी होती. भोंगा ऐकताच ते गर्रकन वळले आणि पलीकडच्या फुटपाथवर गेले, पिशवी पोटाशी धरून, चोरासारखे. माणसानं आपल्याला बघून असं पळावं? पुढच्या मंगळवारी तो मुद्दाम त्यांच्याकडे पाठ करून बटाटे लावत बसला, त्यांना नीट जाता यावं म्हणून.

शिंपीणकाकू मात्र येत राहिल्या. पण काय घ्यायच्या? एक लिंबू. दर खेपेला एकच लिंबू. चौथ्या वेळी तो म्हणाला, “काकू, एवढ्या लिंबांचं करता काय?”

काकूंचे डोळे भरून आले. “अरे, पाय निघत नाही तुझ्या गाडीवरून. पण दुकान अगदी जिन्याखालीच आहे रे, काय करू?”

त्या दिवशी तो दुपारपर्यंत थांबलाच नाही. घरी येऊन जेवला नाही. बायकोनं काय झालं विचारलं तर म्हणाला, “लिंबू.” तिला काही कळलं नाही.

हिवाळ्याच्या तोंडावर गाडी विकली. रंगाऱ्यानं शिड्या आणि डबे ठेवायला घेतली. कप्पे नको म्हणाला, म्हणून ते यानंच उचकटून काढले. दुकानवाल्या ताईनं आधीच सांगून ठेवलं होतं, “काका, आमच्याकडे या. भाजी तुमच्याइतकी कुणाला कळते?” सत्तावन्नाव्या वर्षी दुसरं कोण कामाला ठेवणार होतं? त्यानं हिरवा एप्रन चढवला.

गाडी द्यायच्या आदल्या दिवशी तो बाईंकडे गेला होता. दुकानाचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवला.

“फोन करायचीसुद्धा गरज नाही, बाई. मी यादी लिहून ठेवलीय. सोमवारी आणि गुरुवारी पिशवी दारात येईल.”

“कोण आणेल?”

“दुकानाची माणसं आहेत, स्कूटरवाली.”

“आणि तू?”

“मी येईन ना रविवारी. नुसताच.”

बाईंनी चष्मा काढून पुसला. “नुसताच येशील म्हणजे येणारच नाहीस. मी मुलं ओळखते.”

तो दोन रविवार गेला. दोन्ही वेळा काय बोलावं सुचेना. हातात पिशवी नाही, गाजराचा प्रश्न नाही. दोघं नकाशाकडे बघत बसले. मग दुकानात रविवारी गर्दी वाढली आणि त्याची सुटी बुधवारी झाली. बुधवारी जाता आलं असतं. पण बुधवारी तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. बायको पडदे सारायची, चहा ठेवायची, गार झालेला चहा परत न्यायची. “बाहेर तरी पडा,” ती म्हणायची. तो म्हणायचा, “जातो.” असे पाच बुधवार गेले.

सोमवार-गुरुवारची बाईंची पिशवी मात्र तो स्वतःच भरायचा. निवडून, दाबून, वास घेऊन. तेवढं केलं की आपलं काम झालं असं तो मनाला समजावायचा.

एका गुरुवारी सकाळी पिशवी भरून त्यानं स्कूटरवाल्याच्या हातात दिली. तो माणूस नेहमीचा नव्हता; पिशव्या पोचवण्याचं काम ताईनं कंत्राटानं दिलं होतं आणि कंत्राटदार दर आठवड्याला नवा माणूस पाठवायचा. पिशवीवरचा पत्ता वाचून तो म्हणाला, “हे चौथ्या मजल्यावरचे लोक गावाला गेलेत का? सोमवारची पिशवी मी ठेवली तेव्हा आधीची तिथेच पडलेली होती.”

“आधीची?”

“हो. आम्हाला सांगितलंय, दार नाही उघडलं तर बाहेर ठेवा आणि फोटो काढा. मी फोटो काढलाय.”

गाडीवाला एप्रनसकट पळाला. त्याचे गुडघे केव्हाच गेलेले होते, तरी तो चार मजले कसा चढला त्याचं त्यालाच माहीत नाही. दारात दोन पिशव्या होत्या. केळी काळी पडून पाझरली होती, पावाला बुरशी, आणि मुंग्यांची एक रांग भिंतीवरून आरामात चालली होती. त्यानं दार बडवलं. बाईंना हाका मारल्या. मग कान लावला. आतून काहीतरी घासल्यासारखा आवाज आला. एकदा. थोड्या वेळानं पुन्हा एकदा.

शेजारी कुणी नव्हतं. समोरच्या खोल्यांत वकिलाच्या जुन्या फायली होत्या. खालच्या पहारेकऱ्याला बोलावून दोघांनी कुलूप तोडलं. बाई पलंग आणि टेबल यांच्या मध्ये पडलेल्या होत्या. टाचेनं टेबलाचा पाय घासत होत्या. डोळे उघडे होते.

“बाई, मी आलो,” तो म्हणाला.

दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या मते बाई निदान दोन दिवस तशाच पडून होत्या. “पहिल्या काही तासांत आणलं असतं तर बोलणं वाचलं असतं,” डॉक्टर म्हणाल्या. आधीच्या गुरुवारीच बाईंचं काहीतरी बिनसलं असणार, पिशवी उचलायचीही ताकद राहिली नसणार; पडल्या त्या नंतर. त्या गुरुवारी कुणी दारात उभं राहून दोन मिनिटं जास्त वाट बघितली असती तर, हा हिशेब डॉक्टरांनी त्याला सांगितला नाही. तो त्यानं एकट्यानं मांडला.

दुकानवाली ताई दवाखान्यात आली. बाकावर त्याच्या शेजारी बसून हुंदके देऊन रडली. “काका, माझी चूक झाली का हो?”

“नाही ताई. तुम्ही दुकान काढलंत. दुकान सगळ्यांनाच हवं होतं.”

तो हे मनापासून बोलला. आणि म्हणूनच त्याला धरायला काही उरलं नाही. कुणावर आरडाओरडा करता आला असता तर छातीवरचं ओझं थोडं हललं असतं.

बाईंचा एक भाचा दुसऱ्या शहरातून आला. घाईत होता, पण माणूस वाईट नव्हता. त्यानं बाईंना शहराबाहेरच्या एका शुश्रूषागृहात ठेवलं, खोली रिकामी करून दिली. पुस्तकं रद्दीत गेली. नकाशा चिकटपट्टीनं इतका घट्ट बसला होता की निघताना फाटला.

एका बुधवारी गाडीवाला शुश्रूषागृहात गेला. लांब खोलीत आठ पलंग. बाई खिडकीजवळच्या पलंगावर होत्या, उजवा हात उशीवर ठेवलेला, कुणाचा तरी विसरलेला असावा तसा. त्यानं गाजरं नेली होती. नर्स म्हणाली, बाहेरचं काही द्यायचं नाही, शिवाय त्यांना चावता येत नाही.

तो पलंगाजवळ गेला. “बाई.”

बाईंनी डोळे त्याच्याकडे वळवले. बराच वेळ बघितलं. त्या नजरेत वेड नव्हतं, धुकं नव्हतं. शिक्षिकेची नजर होती ती, मागच्या बाकावरच्या मुलाला शोधून काढणारी. मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तो अर्धा तास उभा राहिला. त्यांनी पुन्हा इकडे पाहिलं नाही.

घरी बायकोनं विचारलं, “ओळखलं का हो त्यांनी?”

“नाही,” तो म्हणाला. “आता कुणालाच ओळखत नाहीत त्या.”

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्याचं खोटं तिला कळत नसेल असं नाही. तिनं पाट पुसला, ताट वाढलं, आणि विषय सोडून दिला.

त्याच्या सांगण्यावरून ताईनं कंत्राटदाराला लिहून दिलं, म्हाताऱ्या माणसांकडे दार उघडेपर्यंत थांबायचं. दोन आठवडे ते पाळलं गेलं. तिसऱ्या आठवड्यात कंत्राटदार बदलला. गाडीवाल्यानं पुन्हा सांगितलं, ताई म्हणाली, “हो काका, बघते.” ती बघणारही होती, पण त्याच दिवशी भाजीचा फ्रीज बिघडला. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही. शुश्रूषागृहातही तो परत गेला नाही.

दुकान छान चाललं आहे. तो सकाळी वेळेवर येतो, पालकाच्या जुड्या मुळं खाली करून लावतो, मऊ पडलेले टोमॅटो वेगळे काढतो. कारकून येतात, खाली मान घालून सफरचंदं घेतात आणि जातात. तो कुणाला कुठून काय आलं ते सांगत नाही, कुणी विचारतही नाही. कुणी बिस्किटं कुठे म्हणून विचारलं, तर तो मान वर न करता सांगतो, “तिसरी रांग, उजवीकडे.”