नाल्यापलीकडचा आवाज

हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. परवाच्या रविवारपर्यंत तरी नाही. आणि तेही माझी फजिती झाली म्हणून तोंडातून निघालं, नाहीतर सोबतच घेऊन गेलो असतो.

झालं असं की अकोल्याला आमच्या घरी पोरीच्या सासरची मंडळी आली होती. टीव्हीवर लढाईचा पिच्चर लागला होता, आणि लढाईचा पिच्चर म्हटलं की मला वेगळं आमंत्रण लागत नाही. हातबॉम्बची पीन दातानं ओढली तर पीन नाही, दात निघतो. गोळी लागलेला माणूस भाषण देत नाही — हे मी भज्यांची बशी हातात धरून व्याह्यांना समजावत होतो. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरचा वॉल्व्ह उडाला. मी दिवाणाखाली. भजी व्याह्यांच्या मांडीवर. सगळे पोट धरून हसले, सगळ्यात जास्त माझी बायको. हसणं ओसरलं तरी मी खालीच होतो — ते मात्र तिनं पाहिलं.

मी काही आवाजाला एवढा भीत नाही. मी दुसऱ्याच गोष्टीला भितो. कशाला, ते सांगायला आता फिरून फिरून येतो आहे, समजून घ्या.

माझा साळा गजू फौजेत होता. बायकोचा धाकटा भाऊ. लग्नाला तीनेक वर्षं झाली असतील तेव्हा तो सीमेवरून सुटीवर आला, आणि आम्ही सगळे दर्यापूरकडे सासऱ्यांच्या वावरात हुळा खायला गेलो. ओला हरभरा काडीकचऱ्यावर भाजायचा, काळ्या हातांनी खायचा, काळ्या तोंडानं हसायचं. पोरगी आमची रांगत होती, ती आजीजवळ घरी.

हुळा खाताना मी लढाईवर बोलत होतो. खऱ्या फौजीसमोर! पडद्यावर बघून मला तंत्र सगळं पाठ — धमाका झाला की माणूस कसा झेप घेतो, कसा लोळतो, कसा लगेच बंदूक रोखतो. गजू हरभरे सोलत ऐकत होता. सासरे म्हणाले, काय गा, बरोबर सांगून राहिले का जावई? गजूनं हातातला घाटा सोलून तोंडात टाकला. मग म्हणाला, “भाऊजी, पिच्चरमंधी सगळ्याईले माहीत असते गोळी कुठून येऊन राहिली ते. आमाले नाई राहत.”

बस, एवढंच. टोमणासुद्धा नव्हता तो. पण मला वाटलं — माझी अक्कल निघाली, तीही सासुरवाडीत.

वानरं हाकलायला सासऱ्यांनी खोपडीत पाइपची बंदूक ठेवली होती. प्लास्टिकचा पाइप, आत कार्बाइड, वर थोडं पाणी, मागून शेगडीचं लायटर. गोळी नाही, नुसता आवाज. पण तो आवाज छातीत बसतो. जेवणं झाल्यावर गजू आणि बायको हरभऱ्यात वाकून टहाळ उपटत होते. सासरे बैलांकडे. मी पाइप घेऊन तुरीच्या ओळीतून गजूच्या मागे गेलो आणि लायटर दाबलं. का? फौजी खरंच पिच्चरमधल्यासारखा झेप घेतो का, ते बघायला. एवढ्याचसाठी — दुसरं कारण मी आजही शोधलं तर सापडत नाही.

त्यानं झेप घेतली नाही. तो बहिणीवर पडला. तिला अंगाखाली दाबून, तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून. आणि उठेचना. “डोकं खाली, डोकं खाली” — एकच, पुटपुटल्यासारखं. खालून ती ओरडत होती, कारण तिचं मनगट मोडलं होतं, आणि ती जितकी ओरडेल तितका तो तिला दाबत होता. मग त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत मी भाऊजी नव्हतो. कुणीच नव्हतो. असा चेहरा मी एकाही पिच्चरमध्ये पाहिला नाही, तोवर नाही आणि नंतरही नाही. पाइप मी तुरीत कधी टाकला, मला आठवत नाही. आवाज ऐकून पळत आलो असं दाखवायला मात्र मी विसरलो नाही!

बायकोला दर्यापूरला दवाखान्यात नेताना जीपमध्ये गजू माझ्या शेजारी. त्यानं हळूच विचारलं, “आवाज जवळ झाला ना, भाऊजी?”

तेव्हा सांगता आलं असतं. तो विचारत होता, तेव्हाच. पण मला त्याच्या हातांची भीती वाटली, मग सासऱ्यांची, मग मागच्या सीटवर कण्हणाऱ्या बायकोची. मी म्हणालो, नाही रे, नाल्यापलीकडं कुणी वानरं हाकलत होतं. बारीकसा तर होता. बायको म्हणाली, मलाही जवळच वाटला. मी तिलाही सांगितलं, घाबरल्यावर तसं वाटतं.

गजूनं मान डोलावली. त्यानं विश्वास ठेवला — माझ्यावर ठेवला, स्वतःच्या कानांवर नाही.

त्यानंतर तो आमच्या घरी कधी मुक्कामाला राहिला नाही. आमच्या पोरीला त्यानं कधी उचलून घेतलं नाही; ती हात पुढे करायची, तो मागे सरायचा. लाजतो, असं मीच लोकांना सांगायचो. तिच्या लग्नात तो मांडवाबाहेर उभा होता, आणि फटाक्यांआधी निघून गेला. दरवेळी फोनवर त्याचं नाव दिसलं की मी फोन बायकोच्या हातात देतो — आज त्याला आठवलं असेल, आज तो विचारेल. तो विचारत नाही. आणि मी? मी लढाईचे पिच्चर बघत राहिलो, लोकांना चुका दाखवत राहिलो.

रविवारी पाहुणे गेल्यावर बायकोनं विचारलं, एवढं काय झालं होतं तुम्हाला दिवाणाखाली? मी सांगितलं. सगळं, पाइपापासून.

ती ऐकत मनगट चोळत बसली. मग म्हणाली, “दर भाऊबीजेले तो पयले हेच इचारते, ताई, हात दुखते का. खरं म्हणजे थंडीत अजून दुखते. पण त्याच्या जिवाले लागू नाई म्हणून मी नाई म्हणत आली, इतके वर्सं. तुमच्यापायी खोटं बोलली मी त्याच्याशी, अन् मले मालूमही नव्हतं.”