रेणुकाच्या पीएचडीचे विषय अन् खंडोबापुढच्या चिठ्ठ्या

आमच्या दत्तानं ग्रुपवर चिठ्ठ्यांचा फोटो टाकला, त्याला सकाळपासून सगळे काहून हात जोडून राहिले? राम राम मागून घाला, आधी ऐका.

दत्ताची पोरगी, माझी नात रेणुका, हैदराबादला पीएचडीला लागली. माणसाच्या अंगात बसवायची यंत्रं शिकते. पहिल्या वर्षाचे दोन विषय आज संध्याकाळपर्यंत निवडायचे हायेत. तिच्या बापानं विषयांच्या चिठ्ठ्या खंडोबापुढं टाकल्या, बोअरची जागा ठरवतो तशा. सोपे दोन निघाले, गणित मागं राहिलं.

मी पोरीला फोन लावला. "तुला कोणता पाहिजे होता गं?"

"गणिताचा, आज्जे. त्याच्याबिगर पुढं यंत्र जमणार न्हाई. पण नापास झाले तर?"

"मंग भेव तुझं अन् नाव देवाचं?"



खंडोबाला मी बी मानते. पण परीक्षेला तो बसणार न्हाई. गणित चांगलं का वाईट, मला कळत न्हाई. बापाच्या चिठ्ठीआड लपणं मात्र कळतं.

रेणुके, काय घेतलंस ते इथंच लिही. दत्ता, तू मधी बोलायचं न्हाई. बाकीच्यांनी अंगठे दाखवू नका, उत्तर फक्त पोरगी देईल.