सगळे हीटर कोपऱ्यात

सरासरी या शब्दावर माझा राग आहे, आणि तो ब्रॅकनेलमध्ये पक्का झाला. इंग्लंडला आल्या आल्या मी तिथे एका घरात भाड्याने खोली घेतली होती. हीटिंगचा थर्मोस्टॅट घरमालकाच्या बैठकीत, टीव्हीच्या वर. तिथे ऊब आली की बॉयलर बंद. वरच्या मजल्यावर मी दोन स्वेटर घालून, वर शाल पांघरून बसायची. तक्रार केली की तो म्हणायचा, "पण घर तर वॉर्म आहे." घर वॉर्म होतंच. गारठत होते मी एकटी, आणि मी काही त्या घरात मोजली जात नव्हते.

मी मेकॅनिकल इंजिनिअर. दोन हजारचं दशक निम्मं सरलं होतं आणि माझं काम होतं डेटा सेंटरचे हॉल थंड ठेवण्याचं डिझाइन करणं. हा धंदा जरा उफराटा आहे. हॉल आधी बांधायचा, भाडेकरू मागाहून. ते येणार, सर्व्हरची कपाटं उभी करणार, आणि वीज व गारवा आपण पुरवायचा. कोण येईल, काय आणेल, बांधताना कुणालाच ठाऊक नसतं. त्यात ब्लेड सर्व्हर नावाचं नवं प्रकरण आलं होतं; एकेक कपाट पूर्वीच्या अख्ख्या रांगेएवढी उष्णता ओकायचं. आमच्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरात लिहिलेलं होतं, 'फ्लेक्झिबल, हाय डेन्सिटी'. लिहायला काय जातं. ते खरं करायला पाइप लागतात.

पाइप मी दिले होते. हॉलच्या जमिनीपासून वर उचललेल्या फरशीखालून थंड पाण्याची लाइन सगळीकडे फिरवली होती आणि ठिकठिकाणी व्हॉल्व्ह लावून फांद्या सोडल्या होत्या. ज्या जागी गरम कपाटं येतील त्या जागी कूलिंग युनिट जोडायचं, शेजाऱ्याचं पाणी बंद न करता. मी रजेवर पुण्याला गेले, आणि इकडे खर्च कमी करण्याच्या मीटिंगमध्ये मागच्या भिंतीकडच्या सगळ्या फांद्या कापल्या गेल्या. परत आले तोवर फरशी बसलेली.

"हॉलच्या गारव्याची सरासरी तर तेवढीच राहते," आमचा डिरेक्टर म्हणाला.

पंगतीला माणशी दोन जिलब्या धरतात, हे मलाही माहीत आहे. पण पैजेने खाणारा एक पाहुणा पानावर बसला, तर त्याच्या पुढच्या पानांवर काय पडतं ते वाढप्याला विचारावं.

आणि आमचा पैजेचा पाहुणा ठरलेला होता. पहिल्या भाडेकरूने आपला नकाशा पाठवला, त्यात त्याची सगळी ब्लेडची कपाटं नेमकी मागच्या भिंतीशी. त्याच्या शेजारची जागा एका लहानशा कंपनीने घेतली होती. मोठ्याची गरम हवा वळून थेट तिच्या मशिनांच्या तोंडाशी जाणार होती. ती मशिनं बंद पडली की त्यांना सांगण्यात येणार होतं, हॉल तर थंड आहे. हे ऐकलं की काय वाटतं ते मला कुणी शिकवायला नको होतं.

हॉल ताब्यात देण्याआधी चाचणी असते. सर्व्हर अजून आलेले नसतात, म्हणून त्यांच्याऐवजी चाकांवरचे मोठे हीटर भाड्याने आणून लावतात. रिवाज असा की ते रांगोळीच्या ठिपक्यांसारखे सारख्या अंतरावर मांडायचे. मग तापमान घ्यायचं, सरासरी काढायची, हॉल पास. चाचणीच्या आराखड्यावर सही माझी हवी होती. मी म्हटलं, भाडेकरू कोपऱ्यात उभा राहणार असेल तर हीटरही कोपऱ्यात लावू.

डिरेक्टरने दार लावून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. आवाजही कधी चढवायचा नाही. "करारात सरासरीच लिहिली आहे," तो म्हणाला. "आणि लुक, तुझं वर्क परमिट आमच्यातर्फे आहे. एक्स्टेन्शनचा अर्ज पुढच्या महिन्यात जायचाय. मला फक्त सगळं सुरळीत व्हायला हवंय."

मी म्हणाले, "परमिट तुमचं आहे. सही माझी आहे."

माझा नवरा डॉक्टर. कार्डिफच्या हॉस्पिटलमध्ये त्याची तात्पुरती नोकरी होती आणि तो इथे होता तो माझ्या व्हिसाच्या आधाराने. माझं परमिट गेलं की त्याचंही बिऱ्हाड उठणार. त्या संध्याकाळी फोनवर सगळं सांगितलं.

"अगं, सही करून टाक ना," तो म्हणाला. "सगळेच तसं टेस्ट करतात असं तूच म्हणतेस. हात दाखवून अवलक्षण कशाला? आपले दोघांचे पासपोर्ट व्हिसासाठी क्रॉयडनला जायचेत."

"चाचणीत पास आणि वापरात नापास असा हॉल मी देणार नाही."

"हॉलच आहे तो. पेशंट नाहीये."

या वाक्याचा मला इतका राग आला की मी फोन ठेवला. राग त्याच्यावर होता तेवढाच भीतीवर. कारण तो चुकीचं बोलत नव्हता. तो आमच्या दोघांबद्दल बोलत होता.

चाचणीच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी हॉलवर पोचले. हीटर शिस्तीत मांडून ठेवलेले होते. कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि एकेक हीटर ढकलत मागच्या भिंतीशी नेला, भाडेकरूच्या नकाशात जिथे जिथे कपाट होतं तिथे तिथे. वीज त्या कोपऱ्यात भरपूर होती. इलेक्ट्रिकलवाल्यांनी आपल्या केबल कुणाला कापू दिल्या नव्हत्या. हीटर चालू करून मी हात झटकले. कुणी थांबवायला असतं तरी थांबले नसते.

डिरेक्टर भाडेकरूच्या माणसाला घेऊन आला तेव्हा दोघे जाड कोटात होते. पाहुण्यांना दाखवताना हॉल कडाक्याचा थंड ठेवायचा, हाही रिवाजच. मागच्या भिंतीशी येईपर्यंत पाहुण्याने कोट काढून हातावर घेतला होता.

"इथे हे काय आहे?" त्याने विचारलं.

"स्ट्रेस टेस्ट," डिरेक्टर म्हणाला. झाकली मूठ अजून उघडायची त्याची तयारी नव्हती.

"ही तुमची कपाटं आहेत," मी म्हणाले. "तुमच्या नकाशाप्रमाणे. आणि ही गरम हवा जातेय ती शेजारच्या भाडेकरूकडे. या भिंतीशी थंड पाणी पोचत नाही. तुम्ही यायच्या आत पोचवता येईल."

त्याने थर्मामीटर पाहिला, डिरेक्टरकडे पाहिलं आणि म्हणाला, "मग पोचवा. त्याशिवाय आम्ही येत नाही."

दुपारी मला बोलावणं आलं. एक्स्टेन्शनचा अर्ज कंपनी करणार नव्हती. डिरेक्टरने ते खाली बघून, नेहमीच्याच सभ्य आवाजात सांगितलं. मी विचारलं, "पण पाइप घालणार ना?"

"सोमवारी फरशी उचलतायत," तो म्हणाला.

नवऱ्याला फोन केला. "बरं, बघू," एवढंच तो म्हणाला. पुढे दुसरी कंपनी मिळेपर्यंत आमच्या बॅगा अर्ध्या भरलेल्या होत्या आणि आमच्यात बोलणंही अर्धंच होतं. मला त्याचं वाईट वाटलं, त्या सकाळचं मात्र नाही.

त्या दुपारी मी जागेवर परत आले. शेजारच्या टेबलावरचा इंजिनिअर हळूच म्हणाला, "सोमवारचं ड्रॉइंग मी करतो, तू घरी जा." मी त्याचे आभार मानले, खुर्ची पुढे ओढली आणि मागच्या भिंतीकडची लाइन स्वतः काढायला घेतली. नोकरी त्यांनी काढून घेतली होती. ती भिंत अजून माझ्याकडे होती.