बंदुकीच्या आवाजाला भ्यालेलं पिल्लू

कोडोलीत आमच्या शेजारी राहणारे काका साखर कारखान्याच्या गेटवर पहारेकरी होते. समोरचा माणूस बांधापलीकडं उभा असल्यासारखं मोठ्यानं बोलायचे. आवाज उतरायचा तो फक्त त्यांच्या कुत्र्याच्या पिल्लाशी बोलताना. तित्तर हुडकणाऱ्या जातीचं ते पिल्लू दिवाळीच्या फटाक्यांनी भेदरलं होतं, आणि काकांना तर शिकारीचा नाद.

त्यांनी त्याची भीती मोडायला घेतली. पिल्लू भाकरी खात असताना काकू लांब आंब्याखाली ताट वाजवायच्या, मग रोज थोडं जवळून.

"घाई न्हाई करायची मास्तर," काका मला सांगायचे. "आवाज आला म्हंजे भाकरी आली, असं त्येला वाटाय पायजे की."

हळूहळू पिल्लू ताटाच्या आवाजाला शेपूट हलवायला लागलं. मग एकदा माळावर तित्तरांचा थवा उठला आणि काकांना राहवलं नाही. त्यांनी पिल्लाच्या डोक्यावरूनच बंदुकीचा बार काढला.

पिल्लू जे पळालं ते दुसऱ्या दिवशी उसात सापडलं. त्यानंतर ते फक्त काकूंच्या हातचं खायचं. काकांची चाहूल लागली की कॉटखाली शिरून थरथरत मुतायचं. काकांनी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली ती कायमची.

"बंदूक गेली, ह्ये त्येला कसं सांगू मास्तर?" त्यांनी मला विचारलं.

तेवढ्यात काकू भाकरी घेऊन आल्या. काका उठले, पायात चपला सरकवल्या आणि पिल्लाचं खाऊन होईपर्यंत रस्त्यावर जाऊन उभे राहिले.