पुंडलिक घरतचा न सुटणारा थर

शहाण्णव साली हमरापूरच्या पुंडलिक घरतच्या हाती रोह्याकडच्या एका कारखान्यात कंप्युटर आला आणि माणूस बिघडला. लोक दारूने बिघडतात, निवडणुकीने बिघडतात, हा शहाणपणाने बिघडला. रोह्याच्या गाडीत समोरच्याला विचारायचा, तुमची पिशवी आधी कुठे फाटेल सांगू का? चांगली चांगली माणसं जागा बदलून बसायची.

कारखान्यात शर्यतीच्या होड्यांची वल्ही व्हायची, पण लाकडाची नाही. कार्बनच्या तंतूंचं काळं कापड, त्यावर चिकट रेझिन, वर पुन्हा कापड, असे बारा थर. पुंडलिकने ते वल्हं कंप्युटरात थराथराने रचायचं, त्यावर खोटंखोटं ओझं टाकायचं, आणि खरं वल्हं मोडण्याआधीच थर कुठे सुटतील ते सांगायचं. साहेबांनी कंप्युटर तीन महिन्यांच्या बोलीवर आणला होता. मुंबईचं गिऱ्हाईक पुढच्या शनिवारी खऱ्या वल्ह्यावर ओझं टांगून बघणार होतं. भाकीत खरं ठरलं तर कंप्युटर राहणार, नाहीतर तो परत जाणार आणि पुंडलिक पुन्हा गोडाऊनला. पठ्ठ्याने छातीठोक सांगून टाकलं की एकही थर सुटत नाही. साहेबांनी ते लगेच गिऱ्हाइकाला कळवलं.

रविवारी मिरवायला म्हणून त्याने त्याच वल्ह्यांमधलं एक घरी आणलं. घर गणपतीवाल्यांचं. आई धोंडुबाई चाळीस वर्षं साच्यापाशी बसलेली. प्लास्टरमध्ये काथ्या भिजवायचा आणि साच्यात थरावर थर द्यायचा, हाच तिचा जन्म. तिने लुगड्याला हात पुसले आणि वल्ह्यावर नखाने टिचक्या मारत निघाली. पात्याच्या मानेपाशी, दांडा पात्याला मिळतो तिथे, थांबली.

"हितं बद वाजतंय रं. आतला थर धरला नाय."

पुंडलिक भडकला. हे प्लास्टर नव्हे, कंप्युटरने लाखभर गणितं केलीत, तुला काय कळतंय, वगैरे बरंच बोलला. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, तुझ्या त्या पेटीत थर एकमेकाला धरतात कसे? त्याने ऐटीत समजावलं की खालच्या थराचा एकेक बिंदू वरच्या थराच्या बिंदूला कायमचा जोडून टाकलाय.

"मंग सुटल कुठनं? तूच धरून बसलायस."

 पुंडलिकचाही दोष नव्हता म्हणा. ज्या घरात एखाद्या मूर्तीचा पापुद्रा सुटला तर पुढच्या चतुर्थीपर्यंत टोमणे ऐकायचे, त्या घरचा हा पोर. दोन थरांत मुद्दाम फट ठेवायची, हे त्याच्या हाताला पटणारच नव्हतं. हातांनी ती सवय कंप्युटरात नेली आणि त्याला पत्ताच नाही.

सोमवारी त्याने सगळे सांधे उसवले. दर दोन थरांमध्ये बारीक स्प्रिंगा मांडल्या, ठरावीक ताणापलीकडे तुटणाऱ्या. तो ताण किती, हे कारखान्यातले टाकाऊ तुकडे सोलून पाहून ठरवलं. आईने दाखवलेल्या जागी स्प्रिंगा कच्च्या ठेवल्या. मग कंप्युटर जो रवंथ करत बसला तो दोन दिवस. पुंडलिक रोह्यालाच राहिला. इकडे हमरापुरात त्याने रोह्याला दुसरं घर केल्याची बातमी पसरली. त्यात माझा वाटा जेमतेम अर्धा. उरलेला रामवाडीच्या इंदुबाईचा.

गुरुवारी उत्तर आलं. ठरलेल्या ओझ्याच्या दोन तृतीयांशालाच मानेपाशी थर उघडत होता. आता गप्प राहावं, तर वल्हं कदाचित तरलंही असतं. बोलावं, तर आपल्याच शब्दावर पाणी. पुंडलिक साहेबांच्या दारात दोनदा जाऊन दोनदा परत आला. तिसऱ्यांदा आत शिरला.

"सुटेल, साहेब. मानेपाशी. माझं आधीचं चुकलं."

 साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. किती ओझ्याला, कोणत्या जागी, लिही आणि सही कर. पुंडलिकची सही त्या दिवशी दोन ओळी खाऊन गेली म्हणतात.

शनिवारी तेच वल्हं आडवं अडकवून वाळूच्या पिशव्या टांगत गेले. मानेपाशी कट् झालं आणि थर पोथीच्या पानांसारखे उघडले. पिशव्या मोजल्या तर कागदापेक्षा एकच जास्त. गिऱ्हाइकाने कागद दोनदा वाचला, वल्ही नव्याने करून द्यायला सांगितली आणि म्हणालं, आता तो कंप्युटर दाखवा.

पुंडलिक पेणहून पेढे घेऊन घरी आला, आणि दारोदार "मोडलं हो, सांगितलं तिथंच मोडलं" करत वाटत सुटला. ज्या गावात तडा गेलेल्या मूर्तीवर गुपचूप फडकं टाकतात, त्या गावात हा तमाशा. बायकांनी पेढा घेतला, पण देवापुढे ठेवावा की नाही ते कुणालाच कळेना.

धोंडुबाईने एक खाल्ला. दुसरा कागदात बांधून त्याच्या हातात दिला.

"ह्यो तुज्या कारखान्यातल्या थर देनाऱ्याला दे. आन सांग, खालचा ओला हाय तवरच वरचा द्यायचा."