बद्रीनाथरावांची सुटलेली गोळी

हाताने मणके मोकळे करणाऱ्या कायरोप्रॅक्टर तेजसने बद्रीनाथरावांची मान पहिल्यांदा वळवली, तेव्हा असा कडाड आवाज झाला की खालच्या पुणेरी दुकानदाराने चक्क दुपारी दोन वाजता शटर उघडलं! बद्रीनाथराव मात्र त्याच टेबलावर तासभर घोरले. उठल्यावर रक्तदाब मोजला, तर एकदम नॉर्मल! रक्तदाबाची जन्माची गोळी सुटली, या आनंदात त्यांनी वारज्यातल्या अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले.

“अहो, सकाळची गोळी पोटात, वर तासभर झोप. मग रक्तदाब चढेल कशाला?” त्यांच्या पत्नी पूर्णिमाबाई म्हणाल्या. “पेढे उशीला द्या.”

“तुला मणक्यातलं काय कळतं?” म्हणत त्यांनी गोळी बंदच केली.

पंधरवड्याने डॉक्टरांनी रक्तदाब तपासला. आता सकाळी एक आणि रात्री एक, अशा दोन गोळ्या चालू आहेत.