हिरुतच्या कॉफीची आरती

हसायचं तर हातातला चहा आधी खाली ठेवा, उगाच ठसका लागायचा. असा पचका आख्ख्या रोह्यात कुणाचा झाला नसेल!

आमच्या घराचा वरचा मजला आम्ही दावित आणि हिरुत या इथिओपियाच्या जोडप्याला भाड्याने दिलाय. दावित धाटावला कंपनीत कामाला. माणसं लाखमोलाची! पण आधीचे भाडेकरू माझ्या बडबडीला कंटाळून पळाले, असं आमच्या हिचं ठाम मत. म्हणून हिरुतने जेवायला बोलावलं, तेव्हा जिन्यातच मला दम मिळाला.

"अवो, हे पेणचे पापड द्या नि गप बसा! ती करतील तसा करा. ही माणसं गेली ना, तर बघा!"

जेवण झकास झालं. परातीएवढी जाळीदार आंबोळी, तिला ते इंजेरा म्हणतात. वर तिखट मसूर, भाज्या, आणि सगळ्यांनी एकाच परातीतून तोडून खायचं. मी अवाक्षर काढलं नाही. हिच्या डोळ्यांत चक्क कौतुक!

मग हिरुत पांढराशुभ्र काठाचा पोशाख घालून आली. तिने फरशीवर हिरवं गवत पसरलं, निखाऱ्यावर ऊद टाकला, टोपलीत लाह्या मांडल्या. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडचा माणूस काय समजेल? पूजा! मी डोक्यावर रुमाल टाकला आणि हात जोडून बसलो.

हिरुतने शेगडीवर तव्यात कसल्याशा बिया भाजल्या, मग तो धुरकट तवा उचलला आणि एकेकापुढे फिरवला. दावितने दोन्ही हातांनी धूर तोंडाकडे ओढून घेतला. आरतीच की हो! तवा माझ्यापुढे आला. मी धुरावर तळवे धरले, डोळ्यांना लावले आणि खिशातलं नाणं तव्यात टाकलं. ठण्ण!

समोरून हिने डोळे वटारले. मला वाटलं, दक्षिणा कमी पडली. मी आणखी एक टाकलं!

हिरुतने चिमट्याने नाणी काढली. तव्यातल्या बिया कुटल्या, उकळल्या आणि इवल्याशा कपात काळं पाणी दिलं. तीर्थ! मी तळहातावर घेतलं. हात पोळला, पण देवाचं काम, सोसलं. प्यायलो आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

"अंकल," दावित काळजीने म्हणाला, "कॉफी अच्छी नहीं लगी?"

कॉफी!

जिना उतरताना ही म्हणाली, "आता वरचा मजला रिकामाच समजा."

मला खरंच वाईट वाटलं. सारवासारव करायला रविवारी दोघांना चहाला बोलावलं. हिरुतने कप घेतला, चार थेंब तळहातावर ओतले, प्यायली, हात केसांवरून फिरवला आणि ट्रेमध्ये नाणं टाकलं!

"गो बाय, ह्या काय?" ही किंचाळली.

"इंडियन रिवाज! अंकल ने सिखाया," हिरुत हसली. "हम इधर ही रहेंगे. अपना घर लगता है."

हिने माझ्याकडे बघितलं. मग, भाडेकरू टिकावेत म्हणून, मुकाट्याने स्वतःच्या डोक्यालाही चहा लावला.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही चौघं डोक्याला चहा लावून बसतो. त्या तिघांचं बरं आहे, त्यांचा केसांत मुरतो. माझा टकलावरून थेट बनियनमध्ये उतरतो!